काळ्या रानातल्या गाऱ्यासाठी जुनी फोर बाय फोर: थार, जिप्सी की डस्टर?

केळीवाला_चोपडा
रामराम मंडळी. डांबरी सुटल्यावर मळ्यापर्यंत दोन किलोमीटर निव्वळ काळ्या मातीची वाट आहे. पाऊस लागला की साधी बोलेरो तिथे जात नाही. माणसं तीन-चार, कधी खताच्या दोन-तीन गोण्या, महिन्यातून एखादी तोरणमाळची चक्कर. नजरेत चारही चाकं ओढणाऱ्या तीन गाड्या आहेत: 2016 ची थार सीआरडीई (डिझेल), 2012 ची जिप्सी, 2015 ची डस्टर एडब्ल्यूडी. कोणती घ्यावी आणि बघायला गेल्यावर काय तपासावं?

जुना_गॅरेजवाला
भाऊ, वाट काळ्या मातीची असेल तर डस्टर सोडा. गाडी वाईट नाही. ओला घाट, बर्फ, मुरूम यांवर ती झकास चालते. पण तिला लो गिअर (कमी वेगात जास्त ओढ देणारा) नाही, आणि मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच विजेवर चालतो. गाऱ्यात चाकं बराच वेळ फिरत राहिली की तो तापतो आणि मागची चाकं सोडून देतो. लॉकवर ठेवली तरी हेच. म्हणजे ऐन फसल्यावर हातात उरते फ्रंट-व्हील ड्राइव्ह.

थारला तो लो गिअर, म्हणजे फोर-लो, आहे. 2015 च्या फेसलिफ्टपासून सीआरडीईला मागे लॉक होणारं डिफरन्शियलही (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) आलं. एक चाक हवेत गरगर फिरतंय आणि दुसरं गप्प, हा प्रकार त्याने थांबतो. जिप्सी टनभर वजनाची, त्यामुळे कमी रुतते. पण पेट्रोल पिते, आणि 2027 मध्ये तिची 15 वर्षं भरतील. मग फेरनोंदणी, तपासणी, पर्यावरण कर. मागच्या बाकावर आडवं बसणं दोन्हीकडे आहेच.

माझं मत थार. फक्त नावावर जाऊ नका, फक्त मागची दोन चाकं ओढणारी थारही विकली गेली आहे. खाली वाकून पुढच्या चाकांना ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट आहे का ते डोळ्यांनी बघा.

सातपुडा_4x4
तपासणीचं सांगतो. गाडी नांगरलेल्या रानात नेऊन 4H (चारही चाकं, नेहमीचा गिअर) टाका, एकाला बाहेर उभं करा आणि पुढची चाकं खरंच ओढतात का ते बघायला लावा. जिप्सीत पुढच्या हबचं लॉक लागलं नसेल तर लिव्हर टाकूनही पुढची चाकं मोकळीच राहतात. 4L, म्हणजे फोर-लो, गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रल करून, क्लच दाबून टाका. लिव्हर अडत असेल किंवा चालताना सुटून येत असेल तर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) काम निघणार, तेवढे पैसे आधीच कमी करा.

मग गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचा तेल भरायचा बोल्ट उघडून बोट घाला. तेल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय. गरम अ‍ॅक्सल नाल्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. ब्रीदर (अ‍ॅक्सलची हवा जायची नळी) गाऱ्याने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा सांधा) हाताने हलवा, खुट्ट आवाज नको. अ‍ॅक्सलचे रबरी बूट फाटलेले नसावेत, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट नको.

क्लचसाठी चढावर चौथ्या गिअरमध्ये रेस द्या. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट गेली. चिखलात नाचवलेल्या गाडीत हा खर्च ठरलेलाच. चेसिसला नवा काळा रंग दिसला तर स्क्रूड्रायव्हरने पाटा-हँगरच्या आसपास ठोकून बघा, गंज तिथेच दडतो.

केळीवाला_चोपडा
भारी माहिती, दादा. टायर मड टेरेन टाकू का?

सातपुडा_4x4
आपल्या मातीत घ्यायचे तर मोठ्या फटींचे मड टेरेनच घ्या. रोडचे टायर पहिल्याच फेरीत भरून गुळगुळीत होतात. पण तुमचा बराच प्रवास डांबरीवर असेल तर ऑल टेरेन पुरे, मड टेरेन डांबरीवर गोंगाट करतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला कमी पकडतात. रानात शिरण्याआधी हवा 18-20 पीएसआयवर आणा. त्याखाली गेलात आणि वळण घेतलंत तर ट्यूबलेस टायर रिमवरून सुटतो. डांबरीवर येताच परत भरा, 12 व्होल्टचा पंप गाडीतच ठेवा. चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे असू द्या.

आणि कोरड्या डांबरीवर 4H नको. थार-जिप्सीत पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्या मध्ये वेगळं डिफरन्शियल नसतं. वळणावर शाफ्ट ताणले जातात आणि लिव्हर निघत नाही. तसं झालंच तर सरळ रिव्हर्समध्ये थोडं मागे घ्या, सुटते.

जुना_गॅरेजवाला
कागदांचंही बघा. परराज्यातली असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इकडे एमएच-19 ला आणताना रस्ता कर नव्याने भरावा लागतो, तो किमतीत धरा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 मागा. लिफ्ट किट, मोठे टायर, बंपर लावलेली गाडी दिसायला जबर, पण बदलांची नोंद नसेल तर फिटनेस आणि विम्याच्या वेळी अडते.