शोधपेटीतला तारा गुपचूप पुसू नका

सूचीकार
'वापरकर्त्याने टाकलेले *, %, _ सरळ उडवा, फुल-टेक्स्टला वाइल्डकार्ड लागतच नाही,' असा सल्ला काल इथे वाचला आणि राहवलं नाही. (फुल-टेक्स्ट म्हणजे डेटाबेसमधला मजकुराचा शब्दशोध; वाइल्डकार्ड म्हणजे 'इथे काहीही चालेल' असं सांगणारं चिन्ह, आणि तारा म्हणजे त्यातलं *.) ग्रंथालयाच्या सूचीत 'इतिहास*' टाकणाऱ्याला इतिहासकार, इतिहासाची हे सगळं हवं असतं. तारा पुसलात की त्याला तुटपुंजी यादी मिळते, आणि ती का मिळाली हेही कळत नाही. डेटाबेस इंजिनं बघा: मायएसक्यूएलच्या बुलियन मोडमध्ये (चिन्हं वापरून शोधायच्या पद्धतीत) इतिहास*, पोस्टग्रेसमध्ये इतिहास:*, एसक्यूएल सर्व्हरच्या 'कंटेन्स' या शोध-आज्ञेत दुहेरी अवतरणात "इतिहास*". सोय सगळीकडे आहे. बाकीची चिन्हं एस्केप करा, म्हणजे ती साधी अक्षरं म्हणून वाचली जातील, शेवटचा तारा त्या त्या इंजिनच्या भाषेत लिहा. एवढं काम आपण करायलाच हवं.

रात्रपाळी
सल्ला माझाच होता, आणि मी त्यावर ठाम आहे. लोक तारा पुढे लावतात हो! '*कार'. इंडेक्स, म्हणजे शब्दांची तयार अनुक्रमणिका, शब्दाच्या सुरुवातीपासून लावलेला, तो शेवटाकडून कसा शोधणार? मग कुणीतरी लाईक '%कार' (शेवटी 'कार' असलेलं काहीही) लिहून देतो, अख्खं टेबल वाचलं जातं आणि मध्यरात्री फोन मला येतो. 'क*'नेही ताण येतोच, त्याला जुळणारे शब्दच फार. ओरॅकलची शोध-सोय, ओरॅकल टेक्स्ट, जुळणारे शब्द मर्यादेबाहेर गेले की एरर देते, तेच बरोबर आहे.

सूचीकार
मग तुम्हीही एररच द्या ना! पुसता कशाला?

कानामात्रा
दोघांनी उदाहरणं सोयीची घेतलीत. 'पाणी*' टाकून बघा, पाण्यात, पाण्याचा यातलं काही येणार नाही. 'विहीर*'ला विहिरीत सापडत नाही, 'मूल*'ला मुलाला नाही. उलट 'घर*'मध्ये घराणं आणि घरटंही येतं. एसक्यूलाईट डेटाबेसच्या एफटीएस५ या शोध-सोयीत तर मूळ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) काना-मात्रांना अक्षरच मानत नाही. 'पाणी'चे 'प' आणि 'ण' होतात, 'पुणे'चेही तेच. पाणी शोधलं की पुणे हजर! त्याच्या कॅटेगरीज या सेटिंगमध्ये एमएन, एमसी (काना-मात्रांसारख्या चिन्हांचे युनिकोड वर्ग) घालेपर्यंत माझी सगळी लोकगीतं अशीच एकमेकांत मिसळत होती.

रात्रपाळी
विषय वाइल्डकार्डचा आहे, व्याकरणाचा तास नाही.

कानामात्रा
विदा मराठी असेल तर व्याकरण हाच विषय आहे. तुम्हाला सर्व्हरची काळजी आहे, मला शोधणाऱ्या माणसाची. सामान्यरूपांचा (प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं जे रूप होतं त्यांचा) कोश करून 'पाणी' आणि 'पाण्या' दोन्ही शोधा. तारा तिथे पुरत नाही.

सूचीकार
कोश कोण करणार? तोवर पोस्टग्रेसचा ट्रायग्राम इंडेक्स (शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे साठवणारा) लावा. शब्दाच्या मधलंही सापडतं.

रात्रपाळी
आणि तो इंडेक्स केवढा फुगतो ते डिस्क भरल्यावर कळतं. बरं, शेवटचा तारा ठेवतो. शब्दाच्या आधी लावलेला दिसला तर स्पष्ट संदेश देतो. पण किमान तीन अक्षरं हवीतच, यात तडजोड नाही.

कानामात्रा
'घर' दोन अक्षरांचं आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-इंजिनात शब्दाच्या लांबीची किमान मर्यादा मुळात ३ अक्षरं असते, म्हणजे तो शब्द इंडेक्समध्येच जात नाही. आधी ती २ करा, सर्व्हर पुन्हा सुरू करा, इंडेक्स नव्याने बांधा. मग ताऱ्याचं बोलू.