प्रोसेसरवर साडेतीन लाख घालू का? (सल्ला हवा)

खर्जप्रेमी:
नाशिकला फ्लॅट, हॉल १२ बाय १५ फूट, एका बाजूला सरकती काच. सध्या ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) आणि मधल्या किमतीचा रिसीव्हर (प्रोसेसर आणि अँप एकाच डब्यात). दुकानदार म्हणतो, वेगळा प्रोसेसर (सिनेमाचा डिजिटल आवाज उलगडून स्पीकरांत वाटणारा डबा) आणि पॉवर अँप (स्पीकर चालवणारा) घ्या, आवाज एकदम मोकळा होईल. हिशेब साडेतीन लाखांवर जातोय. इकडे ऑडिओ सायन्स रिव्ह्यू या मोजमापांच्या वेबसाइटवरचे आलेख बघत बसलो, तर ॲपलच्या ९ डॉलरच्या हेडफोन-डोंगलचा सिनॅड (सिग्नल किती स्वच्छ त्याचं डेसिबलमधलं माप, जास्त तितकं चांगलं) ९९च्या घरात आणि लाखांच्या काही प्रोसेसरांचा ८०-८५! मग पैसे कशाचे घेतात हे लोक? बघणं जास्त करून सिनेमे, रविवारी सकाळी शास्त्रीय गाणं.

विजापूरवेस:
आकडे खरे आहेत, पण ते काय सांगतात ते बघा. १ किलोहर्ट्झचा सूर आत सोडायचा आणि बाहेर त्या सुराच्या तुलनेत खरखर व विकृती मिळून किती खाली आहे ते मोजायचं, तो सिनॅड. साधारण ६ डेसिबलला एक बिट. म्हणजे ९९ला १६ बिट, सीडीइतकं. ८२ला जेमतेम १३.

प्रोसेसर मागे का पडतो? डॅकची (डिजिटलचं ॲनालॉग करणारी) चिप बहुतेक वेळा चांगलीच असते. घोळ होतो तो पुढच्या ॲनालॉग भागात. एकाच डब्यात एचडीएमआय, डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप), पॉवर सप्लाय आणि १०-१२ चॅनेल दाटीवाटीने बसवायचे. डोंगलला काय, दोन चॅनेल आणि फोनची बॅटरी.

पण डोंगल डॉल्बी ॲटमॉस (सिनेमाचा चहूबाजूंचा आवाज) उलगडत नाही, खर्ज वेगळा काढून सबवूफरकडे धाडत नाही, स्पीकरांची अंतरं जुळवत नाही. पैसे त्याचे आणि लायसन्सांचे. थोडे जाड ॲल्युमिनियमच्या फेसप्लेटचेही, ते सोडा.

घाटावरचा:
मुख्य गोष्ट राहिली. ८२ डेसिबल म्हणजे सगळी घाण मिळून ०.०१ टक्क्याच्याही आत. तुमचे स्पीकर खर्जात जोर लावला की अर्धा-एक टक्का विकृती सहज देतात. शिवाय रात्री पंखा बंद करूनही हॉलमध्ये ३० डेसिबलची गुणगुण असतेच. साडेतीन लाखांत त्यातलं काय बदलणार? दुकानदाराला सांगा, कुठलं यंत्र वाजतंय ते दिसणार नाही असा पडदा टाकून, आवाजाची पातळी मीटरने सारखी करून ऐकवा. बघा तयार होतो का.

भोंगेवाले काका:
थांबा, इतकं सरसकट नका बोलू. माझ्याकडे हॉर्नचे स्पीकर आहेत, संवेदनशीलता (ठराविक सिग्नलला किती मोठा आवाज) १०० डेसिबलच्या वर. आधीच्या प्रोसेसरची 'स्स्स' खुर्चीत बसून ऐकू यायची, सिनेमा थांबवला की नक्कीच. सिनॅडचा एकच आकडा बघून हे कळत नाही. त्यात खरखर किती आणि विकृती किती हे वेगळं बघावं लागतं. विकृती संगीतात लपते, खरखर शांततेत उघडी पडते.

घाटावरचा:
काका, मान्य. पण धागाकर्त्याचे स्पीकर ८७-८८ डेसिबलवालेच असणार. त्यांना ही अडचण येणार नाही.

खर्जप्रेमी:
हो, ८७च. मग गाण्यापुरता एखादा ८-१० हजारांचा डॅक घेऊन रिसीव्हरच्या ॲनालॉग इनपुटला जोडला तर?

विजापूरवेस:
हेच बरेच जण करतात आणि पैसे पाण्यात जातात. खोली-सुधारणा (खोलीचे दोष मोजून आवाज सुधारणारं सॉफ्टवेअर: ऑडिसी, डिरॅक, काहीही) चालू असेल तर रिसीव्हर तो ॲनालॉग सिग्नल पुन्हा डिजिटल करतो, प्रक्रिया करतो आणि शेवटी स्वतःच्याच डॅकमधून बाहेर काढतो. तुमचा डॅक मधल्या मध्ये नुसता पाहुणा. प्युअर डायरेक्ट (सगळी प्रक्रिया बंद ठेवणारा मोड) लावलंत तर हे टळतं, पण मग सुधारणा गेली आणि बऱ्याच रिसीव्हरांत सबवूफरही गप्प. त्यापेक्षा डिजिटल केबलनेच आत द्या.

प्रीआउटची (रिसीव्हरमधून बाहेरच्या पॉवर अँपला सिग्नल देणाऱ्या जोडणीची) काळजीही नको. सिग्नल २९ डेसिबलने वाढवणाऱ्या पॉवर अँपला १.२ व्होल्ट मिळाले तरी ८ ओहमवर १४० वॉट निघतात. सिनॅडची मोजणी २ किंवा ४ व्होल्टवर होते, तुम्ही घरी तिथपर्यंत जातच नाही.

घाटावरचा:
खोलीचं बोला ना कोणीतरी! १२ फुटांच्या भिंतींमध्ये पहिला अनुनाद ४७ हर्ट्झला, १५ फुटांचा ३७-३८ला. तिथे एका खुर्चीवर १० डेसिबल जास्त आणि शेजारच्या खुर्चीवर खड्डा, असं होतं. तंबोऱ्याला फारसं कळणार नाही, सिनेमातल्या स्फोटाला लगेच कळेल. यूमिक-१ हा मोजणीचा मायक्रोफोन घ्या, खोलीतला आवाज मोजायचं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर फुकट आहे, आधी मोजा. मग दुसरा सबवूफर. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला तर सगळ्या खुर्च्यांवर खर्ज बराच सारखा होतो. हरमन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ सालीच हे दाखवलंय.

भोंगेवाले काका:
याला +१. आणि त्या काचेवर जाड पडदा लावा, खराखुरा.

खर्जप्रेमी:
मायक्रोफोन मागवतो. पण मागच्या भिंतीच्या मध्यावर देवघर आहे, सबवूफर तिथे ठेवू दिला जाणार नाही. कोपऱ्यात चालेल?

घाटावरचा:
चालेल. मग दोन्ही सबवूफर समोरच्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांतच ठेवा. आलेख काढलात की इथे टाका, सबवूफरच्या आवाजाला उशीर किती द्यायचा ते बघू.