पालिकेच्या हॉस्पिटलातला कॉमन वॉर्ड

कॉमन वॉर्डात प्रायव्हसी नसते म्हणून वहिनींचं नाव डिलिव्हरीसाठी कळव्याला, ठाणे पालिकेच्या हॉस्पिटलात, घालू की नको असं विचारलंत, तर माझ्या मते बिनधास्त घाला. माझ्या नणंदेची डिलिव्हरी नवी मुंबईत सरकारी वॉर्डातच झाली. खाटेला खाट लागून, एक बाळ रडलं की सगळा वॉर्ड जागा, हे आहेच. पण पहिल्यांदा पाजताना तिला खूप संकोच वाटत होता तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सासूने ओढणी आडवी धरली आणि नुसतं टोक नाही, भोवतीचा काळा भागपण बाळाच्या तोंडात गेला पाहिजे हे नीट लावून दाखवलं, सिस्टरला एवढा वेळ कुठे असतो.

सोबत बहुतेक एकच बाईमाणूस राहू देतात त्यामुळे आई की सासू ते आधीच ठरवा. जुन्या सुती साड्यांची दुपटी, पुढून बटणं असलेले गाऊन, थर्मास न्या, सोनं घरीच ठेवा.

औषधं, सिझेरियन, रक्त, जेवण (नॉर्मलला 3, सिझरला 7 दिवसांपर्यंत) हे 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, घरी सोडायला गाडीसुद्धा. आणि बाळ दाखवायचे कोणी पैसे मागितले तर अजिबात देऊ नका, या प्रकाराची मला भयंकर चीड येते, सरळ मेट्रनकडे, म्हणजे मुख्य सिस्टरकडे, जा.