नॉर्थम्ब्रियात एडन टिकला, पॉलिनस का नाही?

बखरवाचक: केंटची राजकन्या एथेलबुर्ह लग्न होऊन उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रियात आली, तेव्हा तिच्याबरोबर 625 मध्ये रोमच्या ख्रिस्ती धर्मप्रसार मोहिमेतला पॉलिनस आला. 627 च्या ईस्टरला राजा एडविनने यॉर्कमध्ये बाप्तिस्मा घेतला. येव्हरिंगला तर पॉलिनस सलग 36 दिवस ग्लेन नदीत लोकांना बाप्तिस्मा देत होता. 633 मध्ये एडविन लढाईत पडला, पॉलिनस राणीला घेऊन समुद्रमार्गे केंटला गेला आणि सगळं विस्कटलं. 635 मध्ये स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या मठातून आलेल्या आयरिश एडनचं काम मात्र रुजलं. माझ्या मते फरक पद्धतीचा. एडन पायी फिरायचा, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचा. दानाचा पैसा गुलाम सोडवायला जायचा, आणि त्यातल्या कित्येकांना शिकवून त्याने धर्मगुरू केलं.

पांथस्थ: पायपिटीला फार श्रेय देताय. एडनला तिथली भाषा धड येत नव्हती; सरदारांपुढे राजा ओसवाल्ड स्वतः दुभाषी व्हायचा, कारण त्याचा वनवास आयरिश लोकांत गेला होता. मठासाठी लिंडिस्फार्न बेटही त्यानेच दिलं. राजा पाठीशी नसता तर?

बखरवाचक: राजा पॉलिनसच्याही पाठीशी होता. आणि एडनच्या आधी याच ओसवाल्डकडे आयोनाहून आलेला बिशप ‘लोक हट्टी आहेत’ म्हणत परत गेला. 642 मध्ये ओसवाल्ड मारला गेला, तरी एडन 651 पर्यंत, मरेपर्यंत, तिथेच होता.

पांथस्थ: कारण ओसवाल्डनंतर त्याचा ख्रिस्ती भाऊ ओस्विऊ गादीवर आला. एडविननंतरच्या ओस्रिक आणि एनफ्रिथ या दोन्ही राजांनी धर्म सोडला होता. ही तुलनाच बरोबरीची नाही.

सांजवेळ: दोघांच्याही बोलण्यात मुख्य गोष्ट राहिली. एडनने सुरुवातीलाच 12 स्थानिक मुलं शिकायला घेतली. त्यातला एटा पुढे मेलरोझचा मठाधिपती झाला. 664 च्या व्हिटबी धर्मसभेत ईस्टरच्या तारखेवर आयरिश पक्ष रोमन पक्षापुढे हरला, त्यांचा बिशप कोलमन निघून गेला. मागे राहिलेल्या भिक्षूंचा लिंडिस्फार्नचा मठ एटाने सांभाळला. पॉलिनसने अशी मुलं तयार केल्याचं आठव्या शतकातला भिक्षू-इतिहासकार बीड याच्या इतिहासात कुठेही नाही. त्याच्यामागे राहिला तो जेम्स डीकन (डीकन म्हणजे कनिष्ठ धर्मगुरू), आणि त्याच्यावर अन्याय नको: कॅटरिकजवळ एकट्याने काम चालू ठेवलं, पुढे रोमन पद्धतीचं गायन शिकवलं.

पांथस्थ: एटाचं मान्य. पण ती मुलं राहिली-शिकली ती राजाने दिलेल्या बेटावरच ना?