नेढं स्पष्ट येतं, पण आजीचा चेहरा धूसर. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, किती ठेवू?

कवडसा

आजी सुईत दोरा ओवते तेव्हाचा एक फोटो मला हवाय. ती आता ८४ वर्षांची आहे, तरी दोरा दुसऱ्या कुणाला ओवू देत नाही. टोक ओठांत धरून ओलं करते, चिमटीत पीळ देते, सुई उजेडाकडे धरते आणि डावा डोळा बारीक करते. तेवढे दोन-तीन सेकंद मला पकडायचेत.

कॅमेरा एपीएस-सी (मधल्या आकाराच्या) सेन्सरचा, लेन्स ५० एमएम एफ/१.८. मी तिच्या समोर, सुईपासून साधारण ७० सेंटिमीटरवर बसते. एफ/१.८ ला दोऱ्याचे तंतूसुद्धा दिसतात, पण चेहरा पार विरघळतो, कारण डोळे सुईच्या वीतभर मागे असतात. म्हणून छिद्र लहान करून एफ/८ केलं, तर शटर १/२५० सेकंदावरून १/१३ वर आला, हात हललेले दिसायला लागले, आणि चेहरा तरीही धूसरच. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, ८०० आहे. आणखी किती बंद करू? की लेन्सच चुकीची आहे?

अंधारखोली

लेन्स बरोबर आहे. नुसत्या अ‍ॅपर्चरच्या मागे लागू नका, आकडे मांडून बघा. तुमच्या कॅमेऱ्यावर ७० सेंटिमीटरवरून एफ/१.८ ला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागे जेवढी खोली स्पष्ट दिसते ती, मिळते जेमतेम १.३ सेंटिमीटर. एफ/८ ला सुमारे ६. एफ/१६ केलंत तरी १२ च्या आतच, आणि तुम्हाला हवी आहे वीतभर. एफ/१.८ वरून एफ/८ ला येताना प्रकाश वीसेक पट घटला, तुमचा १/१३ तिथूनच आला. एफ/१६ ला तो आणखी चौथ्या हिश्शावर येईल, शिवाय इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो (विवर्तन), त्यामुळे सगळंच चित्र थोडं मऊ पडतं.

अंतराकडे मात्र बघा. अंतर दुप्पट केलं की खोली साधारण चौपट होते. १.४ मीटरवर बसलात तर एफ/८ लाच २४ सेंटिमीटर मिळतात. पण नंतर क्रॉप करून आजींना पुन्हा तेवढंच मोठं केलंत, तर धूसरपणाही मोठा होतो आणि २४ चे १२ च उरतात.

म्हणून मी म्हणेन, बाजूला सरका. लेन्स जिथे फोकस करते तिथे सेन्सरला समांतर एक काच उभी आहे असं समजा. समोरून पाहताना सुई काचेवर आणि डोळे तिच्या मागे पडतात. बाजूने पाहिलं की दोन्ही जवळपास काचेवरच येतात, मग तेवढी खोली लागतच नाही. माझे वडील घरी घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि मी समोरून रोलवर रोल वाया घालवले. एकदा समोर उभं राहायला जागा नव्हती म्हणून बाजूने काढले, आणि भिंग, चिमटा, चिमट्यातलं चाक तिन्ही स्पष्ट आलं. तो प्रिंट अजून माझ्या टेबलासमोर आहे.

आजींच्या डाव्या हाताला बसा, म्हणजे बारीक केलेला डोळा तुमच्याकडे येईल. १.४ मीटर, एफ/२.८, खोली आठेक सेंटिमीटर. फोकस त्या डोळ्यावर. सुई तीनेक सेंटिमीटर पलीकडे असेल, ती सहज मावेल. आयएसओ ८०० वरच शटर १/१०० मिळेल.

पानगळ

बाजूने काढलेला फोटो स्वच्छ येईल, पण तिची नजर सुईवर कशी एकवटते ते समोरूनच दिसतं, आणि मला त्यासाठी थोडा धूसरपणा चालेल. १.४ मीटरवरून एफ/५.६ ला सुमारे १७ सेंटिमीटर मिळतात. फोकस सुई आणि डोळा यांच्या मधोमध पडेल असं बघा. खोलीचा एक तृतीयांश भाग पुढे आणि दोन तृतीयांश मागे असं सांगतात, ते इतक्या जवळून लागू पडत नाही, इथे दोन्हीकडे जवळपास सारखीच असते. आयएसओ ३२०० करा म्हणजे शटर १/१०० राहील. दाणे येतील, येऊ देत.

कवडसा

काल खिडकीपाशी तिच्या डावीकडे बसले. एफ/२.८, फोकस डोळ्यावर. तिने तीनदा दोरा ओवला, मी अकरा फोटो काढले. नऊ गेले: कधी ती पुढे झुकली, कधी मीच श्वासाबरोबर हलले. उरलेल्या दोनांपैकी एकात दोरा नेढ्यातून जेमतेम नखाएवढा पलीकडे आलाय, ओल्या टोकावर उजेड चमकतोय आणि तिचा डावा डोळा अजून बारीकच आहे. पापण्या मोजता येतात. इतकी वर्षं तिला रोज बघते, पण दोरा ओवताना ती श्वास धरून ठेवते हे मला त्या फोटोतल्या मिटलेल्या ओठांवरून कळलं.

समोरूनही काढणार आहे, एफ/५.६ ला. तिचे उशीचे दोन अभ्रे अजून शिवायचे राहिलेत.