‘काही करत नाही हो तो, या!’ : कुत्रा, फाटक आणि आपले अनुभव

सुरुवात माझ्यापासून करते, म्हणजे बाकीच्यांना लिहायला संकोच नको. मी चावून घेतलेल्यांपैकी नाही. माझा कुत्रा चावलाय.

११ मार्च २०२४, सोमवार. आमचं घर जुळे सोलापुरात. फाटकाची कडी वर्षभर नीट बसत नव्हती. वेल्डिंगवाल्याला बोलवायचं रोज ठरायचं आणि रोज राहायचं. गॅसची टाकी घेऊन पोरगा आला, त्याने पायानेच फाटक ढकललं. आमचा लॅब्राडोर पडवीत मोकळा. साडेचार वर्षांचा, ३४ किलोचा, आल्यागेल्या प्रत्येकापुढे पोट वर करून लोळणारा. पोराने खांद्यावरची टाकी फरशीवर टेकवली, मोठा आवाज झाला, आणि कुत्र्याने त्याची पोटरी धरली. त्याच क्षणी मी स्वयंपाकघरातून ओरडत होते, “काही करत नाही हो तो, या!”

दोन-तीन दिवसांत पेपरात बातमी. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्चला राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची कुत्री आयात करणं, त्यांची पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं. पिटबुल, रॉटवायलर, टोसा इनू, केन कोर्सो अशी यादी. मी ती दोनदा वाचली. लॅब्राडोर कुठेच नव्हता. मला हायसं वाटलं. मग ज्याची पोटरी फाडली तो पोरगा आठवला आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

तेव्हापासून कोणती जात धोकादायक यावर घरात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत सगळे बोलतात. कडीबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. तुमचा अनुभव लिहा. ज्यांचा कुत्रा चावला त्यांनी तर नक्कीच लिहा. फाटक कसं होतं, साखळी कोणाच्या हातात होती, नंतर कोण कोणाच्या दारात गेलं, तेही येऊ द्या.

निवृत्त पोस्टमन, बुधवार पेठ

३४ वर्षं टपाल वाटलं, निम्मं आयुष्य सायकलवर. पोस्टमनवर कुत्री एवढी का चिडतात असं लोक गमतीने विचारतात. सोपं आहे. कुत्रा भुंकतो, आम्ही पत्र टाकून निघून जातो. त्याला वाटतं, आपण पळवून लावला. रोज तोच खेळ, रोज तोच जिंकणार. एक दिवस आम्ही रजिस्टर पत्राची सही घ्यायला थांबलो की त्याचा हिशेब चुकतो.

मला तीनदा चावले. दोन पाळीव, एक रस्त्यावरचं. पहिल्यांदा १९८२ साली, तेव्हा पोटात बेंबीभोवती १४ इंजेक्शनं घेतली. ती लस आता गेली, पण सुई बघितली की पोट अजून आत ओढलं जातं. दुसऱ्या वेळी मालक सुशिक्षित, घरात पुस्तकांची कपाटं. म्हणाले, “तुम्ही घाबरलात, म्हणून चावला.” म्हणजे चूक माझीच. मी सही घेतली आणि निघालो, काय करणार.

२००५ साली टपाल खात्याने आपल्याकडच्या कुत्र्यांची चार तिकिटं काढली होती: हिमालयन मेंढपाळ, रामपूर, राजापलयम आणि मुधोळ. मुधोळ म्हणजे शेजारच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला. तो संच मी विकत घेऊन जपून ठेवलाय. आयुष्यात चार कुत्री अशी भेटली ज्यांना मीच चाटलं.

हॉटेल व्यावसायिक, वय २६, होटगी रोड

माझा रॉटवायलर आहे. म्हणजे यादीतला. खरं सांगतो, घेतला तो शायनिंगसाठी. मित्र म्हणायचे, “काय बे, वाघ पाळूलालास काय?” मला भारी वाटायचं.

पिल्लू दिलं तेव्हा ते जेमतेम ३० दिवसांचं होतं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही असा २०१७ पासून नियम आहे, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. लवकर आईपासून तोडलं की भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं ते पिल्लू शिकतच नाही. पुढे त्याला गच्चीवर पत्र्याखाली साखळीने बांधलं. सोलापूरचा एप्रिल-मे, पत्रा, काळं जाड कातडं. सकाळी जेवण, रात्री जेवण, मधे कोणी नाही. दीड वर्षाचा झाला तेव्हा माझा चुलतभाऊ त्याचं भांडं उचलायला गेला आणि त्याने मनगट धरलं. सोडवायला मला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं अजून झोपेत येतात.

मग सगळं बदललं. नसबंदी केली. साखळी काढली, तो खाली घरात आला. रोज पहाटे पाचला माझ्यासोबत चालतो, तोंडाला मुसकं. एक गोष्ट नीट वाचा, कारण मी चुकलो होतो: पहिलं मुसकं कापडी, घट्ट घेतलं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेव्हाच अंग गार होतं. तोंड बांधलं तर आपल्या उन्हात अर्ध्या तासात खेळ खल्लास. टोपलीसारखं, जाळीचं घ्या. त्यातून पाणीही पिता येतं.

ते २३ जातींचं परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केलं, संबंधितांशी चर्चा न करता काढलं म्हणून. मित्र पेढे मागायला लागले. भावाच्या मनगटावर वण आहे, पेढे कसले वाटू?

गृहिणी, विजापूर रोड

आमच्या बिल्डिंगमध्ये पामेरियन आहे, अडीच किलोचा. लिफ्टमध्ये चार जणांना चावून झालाय. सगळे हसतात. तोच पिटबुल असता तर मोर्चा निघाला असता.

अंगणवाडी सेविका, विडी घरकुल

आमच्या घरात तेलुगू बोलतात, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी कुत्रं झडपलं, गालावर आणि हातावर. आमच्या अव्वा, म्हणजे आजी, मिरची पूड आणि चुना घेऊन धावल्या. त्यांच्या वेळी तेच करायचे. मी हात जोडले आणि त्यांना अडवलं, कारण प्रशिक्षणात शिकवलं होतं: वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं. वाहतं पाणी! आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. तो दिवस नळाचा नव्हता. बॅरलमधून तांब्या तांब्या पाणी मी ओतत होते, सासू साबण लावत होती, पोरगं किंचाळत होतं, शेजारीण घड्याळ धरून उभी होती. त्या पंधरा मिनिटांत दोन दिवसांचं पाणी संपलं.

सरकारी दवाखान्यात गालाच्या जखमेत सीरम, म्हणजे रेबीजशी लढणारं तयार औषध, टोचलं. जखम खोल असली, रक्त आलं असलं, तर नुसती लस पुरत नाही, हे तिथे कळलं. मग लसीचे डोस, दोन्ही दंडांवर. प्रत्येक डोसला सासूचा विड्या वळायचा दिवस बुडाला. हजार विड्यांमागे मजुरी मिळते. विडी वळली नाही तर पैसा नाही.

आता अवघड भाग. ते कुत्रं कोणाचं? कोणाचंच नाही. मटणाच्या दुकानातून त्याला छाट मिळायची, कोपऱ्यावरचे आजोबा बिस्किट द्यायचे, आणि उरलेली भाकरी मीपण टाकायची. चावल्यावर सगळे म्हणाले, “आमचं नाही.” मीही तेच म्हणाले.

७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत तिथे सोडू नका असं सांगितलं. ऐकून बरं वाटलं. पण आमच्या शाळेला धड कुंपण नाही. एक उचललं तर दुसरं त्याच भगदाडातून येणार.

रोज कुत्र्यांना खाऊ घालणारी, मोदी परिसर, सोलापूर

वरच्या ताईंना राग येणं समजतं. तरी माझी बाजू. मी १९ कुत्र्यांना खायला घालते आणि त्या १९ मधल्या १६ जणांच्या कानाला खाच आहे. खाच म्हणजे नसबंदी झाली, रेबीजची लस टोचली. २०२३ च्या नियमांप्रमाणे ऑपरेशन झालं की ज्या भागातून उचललं तिथेच सोडायचं. गाडी आली की पकडून कोण देतं? मीच देते, कारण माझ्याच हाताला ती येतात. खायला घालणाऱ्याला शिव्या देऊन हाकलून लावलं की ती कोणाच्याच हाताला येत नाहीत.

आणि रस्त्यावरची सगळी रस्त्यावर जन्मलेली नसतात. मागच्या उन्हाळ्यात माझ्या टोळीत एक हस्की आला. निळे डोळे, पट्टा कापलेला. बर्फात गाडी ओढणारं जनावर ४२ अंशांत आणलं, केसांचा कंटाळा आला, होटगी रस्त्याला सोडून दिलं. पट्टा कापणाऱ्याचं नाव त्या कुत्र्याला माहीत होतं, मला नाही. सोडून देणाऱ्यांनीही इथे लिहावं. लिहिणार नाहीत म्हणा.

मेंढपाळाचा मुलगा, मंगळवेढा तालुका (सध्या सोलापुरात नोकरी)

आमच्या कळपामागे तीन कुत्री असतात. लांडग्यासाठी. अनोळखी माणूस वाड्याजवळ आला तर ती अंगावर जाणारच, त्यासाठीच ठेवलीत. पण त्यातलं एखादं जास्त चावरं निघालं तर वडील त्याच्या गळ्यात लोढणं बांधतात. लाकडाचा ओंडका, धावायला लागलं की पुढच्या पायांवर आपटतो. गावातून कळप न्यायचा असेल तर वडील पुढे चालतात आणि ओरडत जातात, “कुत्रं हाय, पोरं घरात घ्या!” शाळेत न गेलेला माणूस. शहरात आलो तेव्हा ‘कुत्र्यापासून सावध राहा’ पाटी बघून वाटलं, हीच ती हाक. पण पाटी लावून मालक आत टीव्ही बघत बसतो.

लोढणं चांगलं की वाईट यावर भांडू नका, पाय दुखावतो हे मलाही माहीत आहे.

मूळची सोलापूरची, आता लेस्टर, इंग्लंड

इथे चार जातींवर १९९१ पासून बंदी आहे. पिटबुल, टोसा, डोगो आर्जेन्टिनो, फिला ब्राझिलेरो. मग एक्सएल बुली हा थोराड कुत्रा आला, एकामागून एक जीवघेणे हल्ले झाले, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलतीचा दाखला नसताना तो घरात ठेवणंही गुन्हा झाला. दाखल्याची फी तेव्हा ९२ पौंड ४० पेन्स होती, शिवाय नसबंदी, कातडीखाली चिप, विमा, बाहेर नेताना मुसकं आणि पट्टा. मला आवडला तो विमा. कुत्रा कोणाला चावला तर पैसे कुठून येणार, हे आधीच ठरतं. आपल्याकडे जखमीलाच मालकाच्या दारात उभं राहून विचारावं लागतं.

बाकी बागेत माझ्या मुलीच्या अंगावर येतो तो शेजाऱ्यांचा सुटा स्पॅनियल. शेजारीण लांबून काय ओरडते? बरोबर. तेच, फक्त इंग्रजीत.

पशुवैद्य, सोलापूर

दोनच मुद्दे सांगतो, कारण हे रोज चुकीचं ऐकतो. चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचं हे खरं, पण लस घ्यायला १० दिवस थांबायचं असा त्याचा अर्थ नाही. लस त्याच दिवशी सुरू करायची. कुत्रा पाळीव असो, त्याचं लसीचं कार्ड असो, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

दुसरं, मालकांसाठी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात जातीचा उल्लेख नाही. आधीच्या कलमातही नव्हता.

आणि हो, शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश, असं नाही. अंग ताठ, शेपटी उंच आणि थोडीशीच थरथरती असेल तर मागे सरका.

निवृत्त पोस्टमन, बुधवार पेठ

सगळं वाचलं. पण जुळे सोलापूरच्या ताई, त्या टाकीवाल्या पोराचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही.

धागा सुरू करणारी

टाळलं होतं, खरं आहे.

मी त्याला स्कूटीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. पहिला डोस त्याच दिवशी, मग १४ तारखेला, मग १८ ला. तिन्ही वेळा गेले. रांगेत तो मलाच म्हणत होता, “अक्का, तुम्ही जावा, मी घेतो.” बुडालेल्या दिवसांचे पैसे दिले, त्याने मोजले नाहीत. चौथा डोस ८ एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी. माझ्या घरी पाहुणे, गुढीची तयारी. मी फोन केला, “उद्या-परवा जाऊ या का?” तो म्हणाला, “मी सकाळीच एकटा जाऊन आलो.”

वेल्डिंगवाला कुत्रा चावला त्याच संध्याकाळी आला होता. कडी बसवायला १५ मिनिटं लागली, दोनशे रुपये घेतले.

पोरगा अजून आमच्याकडे टाकी आणतो. पण फाटकाला हात लावत नाही. रस्त्यावरूनच पान्याने टाकी वाजवतो, टण टण, आणि ओरडतो, “अक्का, आधी त्याला बांधा!” मी बांधते. साखळी अडकवल्याचा आवाज ऐकू आला तरी तो थोडा वेळ तिथेच उभा राहतो.