होम हेल्थ आणि हॉस्पिस: मेडिकेअरच्या अटी

पुष्कळांना वाटतं की रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल तरच होम हेल्थ, म्हणजे घरी येऊन दिली जाणारी नर्स-थेरपीची सेवा, मिळते. तसं नाही. अमेरिकेत मेडिकेअरला (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) एवढंच हवं असतं की घराबाहेर पडायला वॉकर, व्हीलचेअर किंवा माणसाचा आधार लागतो आणि बाहेर पडणं खूप कष्टाचं आहे. डॉक्टरकडे किंवा देवळात गेल्याने पात्रता जात नाही. पण नर्स, फिजिओथेरपी किंवा स्पीच थेरपीची खरी गरज हवी. नुसती आंघोळ-जेवणाची मदत हवी असेल तर अर्ज इथेच अडकतो. सेवा सुरू होण्याआधी ९० दिवसांत किंवा नंतर ३० दिवसांत डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणीही लागते.

हॉस्पिसला, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्रास कमी करणाऱ्या सेवेला, घराबाहेर पडणं कष्टाचं असण्याची अट नाही. आजार नेहमीच्या गतीने वाढला तर आयुष्य ६ महिने किंवा कमी, असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. ६ महिन्यांनंतरही रुग्ण हयात असेल तर सेवा आपोआप थांबत नाही: ९०-९० दिवसांचे दोन टप्पे, पुढे ६०-६० दिवसांचे कितीही. हॉस्पिस घेण्याचा निर्णय रुग्णाला कधीही मागे घेता येतो.

एक कळकळीचं सांगणं: रात्री त्रास वाढला तर आधी हॉस्पिसच्या नर्सला फोन करा. त्यांना न विचारता त्याच आजारासाठी इमर्जन्सीत नेलं, तर बिल घरच्यांवर येऊ शकतं.